पाडव्याला प्लॉट, पोळ्याला पाणी

2024 च्या पोळ्याला, 2 सप्टेंबरला, हिंगोलीत आमच्या दारात बैलांच्या आधी पाणी आलं. आदल्या रात्रभर पाऊस कोसळत होता आणि कयाधू दुथडी भरून वाहत होती. घरात शिरलं ते मात्र नदीचं पाणी नव्हतं. नदी भरली की तिला मिळणाऱ्या ओढ्यांना पुढे जायला वाट उरत नाही. ते मागे फुगतात. आमचा लेआउट अशाच एका ओढ्याकाठचा. सातबारा, एनए, मंजूर नकाशा, सगळं चोख. खोट कागदात नव्हती, जागेच्या उंचीत होती.

आपल्याकडे प्लॉटचे व्यवहार होतात पाडव्याला नाहीतर अक्षय तृतीयेला. मुहूर्त उत्तम, पण दोन्ही भर उन्हाळ्यात! तेव्हा ओढ्यात पोरं क्रिकेट खेळत असतात आणि एजंट त्यालाच ‘मागची मोकळी जागा’ म्हणून दाखवतो. शिवाय भाव चढायला निमित्त लागत नाही. 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि कचेऱ्या आल्या. मग अकोला-नांदेड रस्ता चौपदरी झाला. एप्रिल 2023 मध्ये औंढ्याजवळच्या दुधाळ्याच्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पाला केंद्राने 2,600 कोटी मंजूर केले. दर बातमीला गुंठा महाग. भाव ठरतो रस्ता किती जवळ यावर; ओढा किती जवळ हे कुणी विचारत नाही.

म्हणून जागा बघायची ती श्रावण-भाद्रपदात, मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, चिखल तुडवत. शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, पाणी कुठवर चढतं. त्याला विकायचं काही नसतं, तो खरं सांगतो. भूमी अभिलेखातून जुना गाव नकाशा काढा. लेआउटमध्ये बुजवलेला नाला त्यात दिसतो. जलसंपदा विभाग पूररेषा आखतो: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. पण त्या नद्यांच्या. गल्लीमागच्या ओढ्याला बहुधा रेषाच नसते. आणि रस्ता दरवेळी डांबराने वर चढतो, तेव्हा जोतं आजच्या रस्त्याच्या मानाने घेऊ नका, चांगलं उंच घ्या.

दुसरा धोका पायाखालचा. जुनी गावं पांढरीत वसली, काळी राखली ती शेतीला. आता काळीतच लेआउट पडतात. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्याबरोबर भिंतही हलते. पूर्वी उन्हाळ्याचं ऊन आणि पावसाळ्याची ओल यांत मातीला उसंत मिळे. आता महिनाभर उघडीप, मग एका रात्रीत ढगफुटीसारखा पाऊस. पाया मुरमापर्यंत नेलाच पाहिजे. तिथे वाचवलेले पैसे पुढे गिलाव्यावर दुपटीने जातात.

तिसरा धोका भूकंपाचा. 10 जुलै 2024 च्या सकाळी 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, त्याआधी 21 मार्चलाही बसला होता. वसमतकडे पांगरा शिंदेच्या लोकांना जमिनीतल्या आवाजांची सवयच झाली आहे. धक्क्यानंतर शहरात प्रत्येक तडा भूकंपाच्या नावावर गेला. तड्याच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटला तर काम मातीचं; वाढतच राहिला तर इंजिनिअरला बोलवा. नवं बांधणार असाल तर जोत्याला आणि लिंटेलला सलग आरसीसी पट्टा हवाच, एक मजला असला तरी. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर हे मराठवाड्यात सांगावं लागू नये, पण लागतं.

एवढं करूनही धोका उरतोच, त्यासाठी विमा. एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी आहे. त्यात पूर आणि भूकंप दोन्ही येतात. लोक गाडीचा विमा न चुकता भरतात, घराचा नाही.

आणि विकणारा म्हणाला, ‘इथे कधीच पाणी येत नाही’, तर हेच वाक्य इसारपावतीत लिहून मागा. लिहायला तयार नसेल तर चहा पिऊन उठा.