कर्त्याचा शोक : संगणकीय खेळांतील करुण रसाचा विचार

करुण रसापासून आनंद का व्हावा, हा प्रश्न मराठी समीक्षेने दीर्घकाळ जिवंत ठेवला आहे. बडोद्याच्या १९२१ च्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना न. चिं. केळकर यांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. रसिक पात्राशी एकरूप होतो, परंतु आपले स्वत्व तो सर्वस्वी गमावत नाही, असा तिचा आशय. पुढे या कल्पनेवर बरेच खंडनमंडन झाले. त्या सगळ्या चर्चेत एक गृहीत मात्र सर्वांना समान होते, आणि ते तपासण्याचे कारणही तेव्हा नव्हते. ते गृहीत असे, की रसिक हा बसलेला असतो. 'एकच प्याला'मध्ये सिंधूची जी दशा होते ती सुधाकराच्या हातून होते. प्रेक्षकाच्या हातात फार तर नाटकाचे तिकीट असते. तो हळहळतो, पण त्याच्यावर कोणताही ठपका येत नाही.

संगणकीय खेळांनी हे गृहीत मोडले आहे. येथे रसिकाच्या हातात कळा असतात आणि त्या दाबल्यावाचून कथानक पुढे सरकत नाही. आपल्या विभागांतून या खेळांकडे अद्याप मुलांचा वेळखाऊ छंद म्हणूनच पाहिले जाते. (एके काळी कादंबरीकडेही याच नजरेने पाहिले जात होते, याचे स्मरण ठेवणे इष्ट.) प्रस्तुत लेखाचा हेतू खेळांचे समर्थन करण्याचा नाही. कर्ता आणि रसिक एकच झाला तर करुण रसाचे काय होते, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

१९८३ साली 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' या अमेरिकन कंपनीने आपल्या जाहिरातीत, संगणक माणसाला रडवू शकेल काय, असा प्रश्न विचारला होता. त्याच वर्षी 'इन्फोकॉम' या दुसऱ्या कंपनीच्या 'प्लॅनेटफॉल' या खेळाने त्याचे उत्तर दिले, असे म्हणावयास हरकत नाही. स्टीव्ह मेरेट्झ्की यांनी रचलेल्या या खेळात एकही चित्र नाही. पडद्यावर मजकूर उमटतो, खेळणारा आज्ञा टंकित करतो आणि पुन्हा मजकूर येतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा खेळ विशेष जवळचा वाटावा, कारण येथे सर्व भार शब्दांवर आहे. निर्जन ग्रहावर अडकलेल्या नायकाला फ्लॉईड नावाचा एक यंत्रमानव भेटतो. तो लहान मुलासारखा बडबडा, खेळकर आणि मधूनमधून त्रासदायकही आहे. पुढे एका प्रयोगशाळेतून एक कार्ड आणणे आवश्यक होते. आत हिंस्र प्राणी आहेत. आपण आत जातो, असे फ्लॉईड स्वतःच म्हणतो. दार उघडण्याची आज्ञा खेळणाऱ्याने द्यायची, आणि फ्लॉईड आत शिरताच ते बंद करण्याची आज्ञाही त्यानेच द्यायची. दार उघडे ठेवले तर प्राणी बाहेर येऊन नायकाला मारतात. थोड्या वेळाने आतून दार ठोठावल्याचा आवाज येतो. फ्लॉईड कार्ड घेऊन बाहेर येतो आणि नायकाच्या मांडीवर प्राण सोडतो. कादंबरीत हा प्रसंग वाचताना आपण म्हणू, 'त्याने दार लावले.' येथे दार लावणारा वाचकच आहे.

खेळ नीट पूर्ण केल्यास शेवटी फ्लॉईड दुरुस्त होऊन परत येतो. या गोष्टीने अनेकांना हायसे वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र रसदृष्ट्या तो तोटा आहे. भरताने सहाव्या अध्यायात करुण आणि विप्रलंभ यांतील भेद सांगताना 'निरपेक्ष' आणि 'सापेक्ष' हे दोन शब्द योजले आहेत. जेथे पुनर्भेटीची आशा उरलेली आहे तेथे विप्रलंभ आणि जेथे ती समूळ तुटली आहे तेथे करुण. पदव्युत्तर वर्गात हा भेद आपण शिकवतो, विद्यार्थी तो परीक्षेत लिहितात आणि मग तो विसरला जातो. संगणकीय खेळांच्या संदर्भात मात्र हाच भेद कळीचा ठरतो. खेळातील मृत्यू स्वभावतः सापेक्ष असतो. नायक मेला तर खेळ मागच्या जपून ठेवलेल्या स्थितीपासून पुन्हा सुरू करता येतो. ज्या माध्यमात मरण दर पाच मिनिटांनी येते आणि पुसलेही जाते, त्यात निरपेक्ष शोक निर्माण करायचा कसा?

जपानमध्ये १९९७ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या 'फायनल फँटसी सात' या खेळातील एरिथच्या मृत्यूचे महत्त्व या प्रश्नातूनच समजते. एरिथ ही मिडगार नावाच्या धुराने काळवंडलेल्या नगरीत फुले विकणारी मुलगी. खेळणाऱ्याच्या पथकात ती इतरांच्या जखमा भरून काढण्याचे काम करते. कित्येक तास खेळून तिची शक्ती वाढवावी लागते. ही गुंतवणूक भावनिक तर आहेच, पण ती हिशेबीही आहे, आणि शोकाच्या विश्लेषणात हा हिशेबी भाग वगळून चालणार नाही. तीन तबकड्यांच्या या खेळात पहिली तबकडी संपता संपता, ती प्रार्थनेला बसलेली असताना सेफिरोथ तिला तलवारीने मारतो. युद्धात पडलेल्या सोबत्याला उठवणारे 'फिनिक्स डाउन' नावाचे औषध खेळणाऱ्याच्या झोळीत तेव्हाही असते. ते येथे वापरताच येत नाही. लगेच एक लढाई सुरू होते, आणि लढाईचे नेहमीचे संगीत न वाजता नोबुओ उएमात्सु यांनी रचलेली एरिथची मंद सुरावटच वाजत राहते. हात लढत असतात आणि कान शोक करीत असतात. पुढे नायक क्लाउड तिचा देह तळ्याच्या पाण्यात सोडतो. पथकाच्या यादीतील तिची जागा रिकामी राहते, आणि आपण कमावून दिलेली तिची कौशल्ये कोणाच्याच उपयोगाची उरत नाहीत.

तिला परत आणण्याची काही गुप्त युक्ती खेळात दडलेली आहे, अशी अफवा त्यानंतर कित्येक वर्षे टिकून होती. या अफवेकडे भाबडेपणा म्हणून पाहू नये. निरपेक्ष झालेल्या शोकाला पुन्हा सापेक्ष करण्याची ती धडपड होती. २०२४ साली आलेल्या 'रिबर्थ' या नव्या आवृत्तीत निर्मात्यांनी समांतर विश्वांची योजना करून हाच मृत्यू संदिग्ध ठेवला आहे. ती गेली की नाही, हे धड कळत नाही. जुन्या रसिकांच्या आशेला मिळालेला हा मान असेल. पण करुणाची जागा त्यामुळे कुतूहलाने घेतली आहे, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

मात्र एरिथच्या प्रसंगात खेळणारा अखेर साक्षीच राहतो. मृत्यूचे दृश्य चित्रपटासारखे त्याच्यासमोर उलगडते आणि तेवढ्यापुरते त्याचे हात बांधलेले असतात. खरा सैद्धांतिक पेच यापुढे सुरू होतो. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी दोन येथे आठवावीत. अनुभव 'माझा' किंवा 'त्या विशिष्ट परक्याचा' अशा देशकालाच्या चौकटीत अडकणे हे एक, आणि स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे दुसरे. साधारणीकरण व्हायचे तर या दोन्हींचा निरास झाला पाहिजे. पण खेळणाऱ्याला 'हे मी केले' या जाणिवेतून सुटकाच नाही. जॅनेट मरे यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात या माध्यमाच्या आनंदाचा एक मुख्य घटक म्हणून कर्तृत्वाची जाणीव सांगितली आहे. म्हणजे जे अभिनवगुप्ताच्या दृष्टीने विघ्न, तेच येथे रसाचे साधन! रससिद्धांत येथे लागू पडत नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ती घाई करण्यापूर्वी भवभूतीकडे वळणे श्रेयस्कर ठरेल.

'उत्तररामचरिता'तील राम हा केवळ वियोगी नाही. सीतेचा त्याग त्यानेच केला आहे. तिसऱ्या अंकात पंचवटीत तो मूर्च्छित होतो, तेव्हा त्याच्या शोकाला स्वतःच्या कृतीची धार असते. कर्त्याचा शोक संस्कृत नाटकाला अपरिचित नव्हता. फरक एवढाच की तो पात्राच्या ठायी होता, प्रेक्षकाच्या ठायी नव्हता. फुमितो उएदा यांच्या 'शॅडो ऑफ द कलोसस' (२००५) या खेळाने तो खेळणाऱ्याच्या ठायी आणून ठेवला. एका मृत मुलीला जिवंत करण्यासाठी नायकाने सोळा महाकाय प्राण्यांना ठार करायचे आहे. त्यांतील कित्येक स्वतःहून आक्रमण करीत नाहीत. आपण त्यांच्या केसाळ अंगावर चढून मर्मावर तलवार खुपसायची. प्राणी कोसळतो तेव्हा विजयाचा घोष होत नाही, तर खिन्न संगीत सुरू होते. जसजसे वध वाढतात तसतसे नायकाचे रूप विटत जाते. या ओसाड प्रदेशात त्याला अ‍ॅग्रो नावाच्या घोड्याचीच काय ती सोबत. अखेरच्या प्राण्याकडे जाताना पूल ढासळतो. घोडा नायकाला पलीकडे फेकतो आणि स्वतः दरीत कोसळतो. (तो शेवटी लंगडत परततो, पण खेळणाऱ्याला तेव्हा ते ठाऊक नसते.)

या शोकाला शुद्ध करुण म्हणावे काय? त्यात निर्वेद आहे, ग्लानी आहे, अनुतापही आहे. कोणी म्हणेल की खेळणाऱ्याला पर्यायच दिलेला नाही, तेव्हा दोष त्याचा कसा? हा आक्षेप रास्त आहे. खेळ बंद करणे एवढाच त्याच्यापुढे पर्याय, आणि तो बहुधा कोणी स्वीकारत नाही. परंतु राजधर्म सांभाळणाऱ्या रामापुढेही पर्याय होता असे भवभूती दाखवत नाही. कर्तृत्व आपले आणि स्वातंत्र्य मात्र नाही, या ताणातूनच कर्त्याचा शोक उपजतो. शेवटच्या प्रसंगी दुबळ्या झालेल्या नायकाला वारा एका कुंडाकडे ओढत असतो. खेळणारा त्याला पळवू शकतो, पायऱ्यांना धरून ठेवू शकतो. सुटका होत नाही. तरीही हातातली कळ सोडवत नाही.

या दिशेने सर्वांत पुढे गेलेला खेळ म्हणून जोसेफ फारेस यांच्या 'ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स' (२०१३) या खेळाचा उल्लेख करावा लागेल. तीन-चार तासांचा हा लहानसा खेळ. आजारी वडिलांसाठी जीवनवृक्षाचे पाणी आणायला दोन भाऊ निघतात. त्यांची भाषा काल्पनिक आहे. संवादांतला एकही शब्द कळत नाही. अर्थाचा सारा भार हाताच्या रचनेवर टाकला आहे. कंट्रोलरच्या डाव्या बाजूची दांडी आणि कळ थोरल्याची, उजव्या बाजूची धाकट्याची. प्रथम हा प्रकार त्रासाचा वाटतो, बोटांचा गोंधळ उडतो. हळूहळू डावा हात म्हणजे थोरला भाऊ हे समीकरण शरीरात मुरते. आई पाण्यात बुडून गेलेली असल्यामुळे धाकटा पाण्याला भितो. पाणी ओलांडताना तो थोरल्याच्या पाठीला बिलगतो.

पुढे थोरला मरतो. धाकट्याने त्याला ओढत खड्ड्यापर्यंत न्यायचे आणि माती लोटायची. हे दृश्य आपोआप घडत नाही, प्रत्येक वेळी दांडी ढकलावी लागते. येथून डाव्या हाताला काही काम उरत नाही. शब्दांत 'पोरकेपण' म्हणून जे सांगावे लागते, ते येथे एका निकामी हाताने सांगितले आहे. घराजवळ पोचल्यावर वाटेत पाणी आडवे येते. धाकटा काठावर थांबतो. उजवी कळ कितीही दाबली तरी तो पुढे सरत नाही. खेळणारा काही क्षण गोंधळतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की डावी कळ, मेलेल्या भावाची कळ, दाबायची आहे. ती दाबताच धाकटा पाण्यात उतरतो.

विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव यांच्या परिभाषेत या क्षणाचे वर्णन कसे करावे? भरताच्या मते अनुभाव नटाच्या अंगावर दिसतात: अश्रू, वैवर्ण्य, गात्रांची शिथिलता. येथे शिथिल झालेला हात खेळणाऱ्याचा आहे. अनुभाव रंगमंचावरून उतरून रसिकाच्या शरीरात आला आहे. तरीही हा शोक त्याचा खाजगी नाही. त्याचा स्वतःचा भाऊ मेलेला नाही. 'हे मी केले' ही जाणीव आहे आणि 'हे माझे नव्हे' हीही आहे. केळकरांच्या 'सविकल्प' या शब्दाला येथे अनपेक्षित आधार मिळतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. अभिनवगुप्ताचे विघ्न कर्तृत्वाच्या जाणिवेत नसून केवळ स्वार्थाच्या जाणिवेत आहे, अशी दुरुस्ती मान्य केल्यास त्याचा सिद्धांतही अबाधित राहतो.

ही दुरुस्ती कोठे अपुरी पडते, हे 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' (२०१६) या खेळावरून दिसते. रायन आणि एमी ग्रीन या दाम्पत्याने तो आपल्या मुलाच्या कर्करोगावर रचला. मुलगा आजारी असतानाच काम सुरू झाले होते. २०१४ साली तो गेला. एका प्रसंगात रुग्णालयाच्या खोलीत बाळ रडत असते. खेळणारा पित्याच्या जागी आहे. पेय पाजून पाहावे, जोजवून पाहावे, काही केल्या रडणे थांबत नाही. ते थांबते ते पिता प्रार्थना करतो तेव्हा. ज्यांनी हे रचले त्यांच्या दृष्टीने हा लौकिक शोकच आहे, देशकालासहित त्यांचा. क्रौंचवधाच्या प्रसंगी वाल्मीकीचा शोक हा मुनीचा वैयक्तिक शोक समजू नये, असे अभिनवगुप्त 'लोचना'त बजावतो. येथे शोक करणारा आणि रचणारा एकच, आणि त्या रचनेत हात चालवणारा तिसराच कोणी आहे. त्या तिसऱ्याला आपण सामाजिक म्हणावे की नट, याचा निर्णय नाट्यशास्त्रातील आजवरच्या संज्ञांनी होत नाही.