बंद पडलेली गाडी

बीडहून सोलापूरच्या वाटेला लागलं की पाली येते. पालीच्या पुढे घाट. घाट चढून वर आलं की मांजरसुंब्याचा फाटा. इथून एक रस्ता नेकनूर, केजकडे जातो. एक पाटोद्याकडे जातो. मोठा रस्ता चौसाळ्यावरून सरळ सोलापूरला जातो. उलट अंगाला हाच रस्ता बीड, गेवराई, छत्रपती संभाजीनगर करत धुळ्याला पोचतो. त्याचा नंबर आता 52 आहे. जुने ड्रायव्हर अजून 211 च म्हणतात.

बीड शहरात आगगाडी आली ती 2025 साली. परळीला ती आधीपासून होती. पण बाकीच्या जिल्ह्याचा भार इतकी वर्षं मालमोटारींनीच वाहिला. कापूस, सरकी, सिमेंट, खत, पेंड. आणि दिवाळीच्या सुमाराला माणसं. ऊसतोडीला निघालेली माणसं, त्यांची भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं. मालाच्या गाडीत माणसं भरायला कायद्यानं मनाई आहे. तरी दर साली ती भरली जातात. हे आपण सगळे जाणतो.

मालमोटार म्हणजे ट्रक. आपण तिला नुसतं 'गाडी' म्हणतो. या पाठात आम्हीही तसंच म्हणणार आहोत.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी आम्ही फाट्यावरच्या एका गॅरेजात बसलो होतो. ऊसाचा हंगाम जवळ आला होता, म्हणून गाड्या दुरुस्तीला लागल्या होत्या. चार मालक होते. मालक म्हणजे कुणी शेठ नव्हेत. एकेकाची एकच गाडी. गाडी चालवायची त्यानंच आणि हप्ताही फेडायचा त्यानंच. गाडीखाली मिस्त्री उताणा पडून काम करत होता. त्याला सगळे चाचा म्हणत होते. चहा आला आणि गोष्टी सुरू झाल्या.

आम्ही एक पाहिलं. सुखरूप झालेल्या खेपेची गोष्ट कुणीच सांगत नाही. गाडी कुठं बंद पडली, किती रात्री रानात काढल्या, हेच सांगतात. एकाचं संपलं की दुसरा म्हणतो, "हे काहीच न्हाई. आमचं ऐका."

सर्वांत तरुण मालकानं सुरुवात केली. तो धुळ्याकडून येत होता. कन्नडच्या घाटात गाड्यांची रांग लागली होती. रांगेत रात्र गेली आणि डिझेल संपलं. त्यानं क्लीनरला कॅन देऊन पाठवलं. डिझेल आणलं, टाकीत ओतलं. तरी गाडी सुरू होईना. त्यानं चावी मारून मारून बॅटरी उतरवली. शेवटी दुसऱ्या एका ड्रायव्हरनं येऊन पाच मिनिटांत गाडी चालू करून दिली.

"झालं काय होतं?" आम्ही विचारलं.

गाडीखालून चाचा बोलले, "हवा धरली हुती."

हे समजायला सोपं आहे. विहिरीवरची मोटार आठवा. पाइपात हवा शिरली की मोटार नुसती फिरते, पाणी ओढत नाही. आपण काय करतो? पाइपात पाणी भरतो, हवा काढतो. डिझेलच्या इंजिनाचं तसंच आहे. मोटारसायकलीच्या इंजिनात ठिणगी पडून पेट्रोल पेटतं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तिथं हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल निखाऱ्यासारखी होते. त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडतो आणि पेटतो. नळीत हवा शिरली तर फवारा उडतच नाही. अशा वेळी फिल्टरजवळचा एक स्क्रू ढिला करायचा. हातपंप दाबत राहायचं. आधी बुडबुडे येतात. मग निव्वळ डिझेल येतं. की स्क्रू आवळायचा. चावी मारत बसून काही होत नाही.

"आता ते बी दिवस गेले," चाचा बाहेर येत म्हणाले. "नव्या गाडीला पाना चालत न्हाई. कंप्युटर लागतो."

एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना धुराचे नवे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या बहुतेक मोठ्या गाड्यांत डिझेलच्या टाकीशेजारी आणखी एक लहान टाकी असते. तिच्यात पाण्यासारखं औषध भरतात. ड्रायव्हर मंडळी त्याला 'युरिया' म्हणतात. त्यानं धुरातला विषारी वायू कमी होतो. ते संपू दिलं तर गाडीची ताकद आपोआप कमी होते. चढ चढत नाही. इथं आपल्या गावाकडे एक घोटाळा होतो. घरात युरियाची गोणी असतेच. कुणाला वाटतं, दुकानातलं महाग कशाला? गोणीतला घाला, पाणी घाला, ढवळा. एका मालकानं असं केलं होतं. तो तिथंच बसला होता, पण ही गोष्ट त्यानं नाही, शेजाऱ्यानं सांगितली. सगळे हसले. त्यालाही हसावं लागलं.

गोणीतला युरिया पिकासाठी असतो. त्याच्यात कचरा असतो. शिवाय 2015 पासून त्याला निंबोळीचं तेल चोळलेलं असतं. गाडीच्या औषधात 100 भागांत साडेबत्तीस भाग युरिया असतो, तोही अगदी शुद्ध, आणि बाकीचं पाणी अर्कासारखं स्वच्छ. विहिरीच्या पाण्यातले क्षारसुद्धा त्या यंत्राला चालत नाहीत. ते आतून बुजतं. मग डबा वाचवायला जाऊन सगळं यंत्र बदलावं लागतं.

रेडिएटरचं, टायरचं बरंच बोलणं झालं. तापल्या इंजिनाचं झाकण उघडून एकाचा हात भाजला होता. चाकात हवा भरताना लोखंडी रिंग उडते, तिनं माणूस जागी मरतो, हे चाचांनी दोनदा बजावलं. हवा भरताना चाकासमोर कुणी उभं राहू नये. पोराटोरांना तर तिथं फिरकूच देऊ नये.

मग बोलणं घाटावर आलं. या जिल्ह्यात बालाघाटाची रांग आहे. एकदा मांजरसुंब्याला उतरा, एकदा धारूरला उतरा. उतरल्याशिवाय सुटका नाही. धारूरचा घाट तेलगावकडे उतरतो आणि त्याचं नाव काढलं की सगळे ड्रायव्हर गप्प होतात.

चौघांत एक वयानं मोठे होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. ते म्हणाले, "म्या तवा पंचवीस वर्सांचा. डिझेल वाचवायची लई हौस. ह्याच घाटानं पालीकडं उतरत हुतो. सिमेंट भरलेलं. गाडी न्यूट्रल केली न् दिली सोडून."

गाडी पळू लागली. अण्णा ब्रेक दाबत राहिले. आधी जळका वास आला. मग ब्रेक मऊ लागायला लागला. तिसऱ्या वळणावर पाय तळाला टेकला तरी गाडी थांबेना. त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घासली. डावी बाजू सोलून निघाली. गाडी थांबली. "दरीच्या अंगाला असतो तर आज ह्यो चहा न्हवता," अण्णा म्हणाले.

असं का होतं? ब्रेक म्हणजे घासणं. चाक फिरतं आणि ब्रेकचा लायनर त्याला घासतो. घासलं की तापतं. फार तापलं की लायनरची पकड जाते. तेल लागल्यासारखा तो सटकतो. गाडी गिअरमध्ये असली तर चाकांना इंजिनही फिरवावं लागतं. इंजिन मागं ओढतं. त्यामुळे ब्रेकचं काम हलकं होतं. गाडी न्यूट्रल केली की हे ओढणं संपलं. बैलगाडी उतारावर असताना बैलांच्या मानेवरचं जू कुणी काढील का? पण न्यूट्रल करणं म्हणजे तेच. इंजिन बंद करणं तर त्याहून वाईट. मोठ्या गाडीचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. ती हवा इंजिन भरतं. इंजिन बंद, तर भरणं बंद. पुन्हा पुन्हा पाय दिला की हवेची टाकी उतरते.

म्हणून जुने लोक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेक तापल्याचा वास आला तर जागा बघून थांबावं, गार होऊ द्यावं. वर पाणी मारू नये. ड्रमला तडा जातो. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. हा कायदा आहे. चढताना थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवणं किती कठीण, हे चढणारालाच माहीत.

चौथे मालक कमी बोलत. त्यांच्या हातात एक वही होती. ती त्यांनी आम्हांला दाखवली. एका खेपेला 600 किलोमीटर, डिझेल 150 लिटर. म्हणजे लिटरला 4 किलोमीटर. पुढच्या खेपेला तेवढंच अंतर, तेवढाच माल, डिझेल 200 लिटर. म्हणजे लिटरला 3. त्यांनी गाडी चाचांकडे आणली. मागच्या एका चाकाचा ब्रेक धरून राहत होता. चाकाला हात लावला तर चटका बसला. वही नसती तर हे कळलं नसतं. चाक पेटल्यावरच कळलं असतं.

याच वहीत त्यांनी कारखान्याच्या कराराची नक्कल ठेवली होती. कामून, तर मागं एकदा ते फसले होते. ऊस वाहतुकीचा करार करायचा, कारखान्याकडून उचल घ्यायची, ती मुकादमाला द्यायची आणि मुकादमानं टोळी आणायची, अशी रीत आहे. त्या साली मुकादम टोळी घेऊन आलाच नाही. करारावर अंगठा यांचा. कारखान्यानं पैसे यांच्याकडूनच घेतले. गाडी चांगली होती, इंजिन चांगलं होतं, तरी गाडी दोन वर्षं बसली. आमच्या मते त्या संध्याकाळचा सर्वांत मोठा बिघाड हाच. पण त्यांनी तो चार वाक्यांत सांगितला आणि वही मिटली. ते सही करायला शिकले ते त्यानंतर.

अंधार पडला होता. चहा पुन्हा आला. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एक सांगतो. हे म्या हितं कवा सांगितलं न्हाई."

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीची वेळ. गेवराईच्या अलीकडे त्यांच्या गाडीचा पाटा तुटला. गाडी रस्त्यातच उभी राहिली. त्यांनी रीतीप्रमाणे गाडीच्या मागे मोठे दगड मांडले. काट्याच्या फांद्या टाकल्या. मिस्त्री आणला. पहाटे तीनला काम झालं. थंडी होती, झोप होती, माल वेळेवर पोचवायचा होता. गाडी काढली आणि निघाले. दगड तिथंच राहिले.

दुसऱ्या दिवशी परत येताना त्याच ठिकाणी चहाला थांबले. चहावाल्यानं सांगितलं, पहाटे एक पोरगा मोटारसायकलवरून दुधाच्या कॅनी घेऊन चालला होता. दगडावर आदळला. बराच वेळ पडून होता. गाड्या जात होत्या, पण पोलिसांच्या भीतीनं कुणी थांबलं नाही.

"दगड कुणाचे ते चहावाल्याला ठावं न्हवतं," अण्णा म्हणाले. "मला ठावं हुतं."

पोरगा जगला. पाय मात्र वाकडा राहिला. अण्णा त्याच्या घरी गेले. ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि न बोलता परत आले. महिन्यानं पुन्हा गेले, बायकोला सोबत घेऊन. तेव्हा सांगितलं. पोराचा बाप काही बोलला नाही. दोघांना चहा दिला. दवाखान्याचं बिल त्यानं म्हैस विकून भागवलं होतं. अण्णांनी पुढच्या हंगामात त्याला म्हैस घेऊन दिली.

गॅरेजात कुणी बोललं नाही. चाचांनी पाना पुसून खाली ठेवला.

इथं दोन गोष्टी आम्हांला सांगायच्या आहेत. अपघातात सापडलेल्या माणसाला मदत केली तर आपण अडकू, ही भीती आता धरू नये. 2019 साली कायद्यात दुरुस्ती झाली. चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर खटला होत नाही. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर होत नाही. 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते. राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडली असेल तर 1033 ला फोन करावा. हे दोन आकडे वाचता येतात, तर पाठ करून ठेवावेत.

दुसरी गोष्ट दगडांची. दगड अंधारात दिसत नाही. लाल चकाकणारा त्रिकोण दिसतो. तो गाडीत असावाच. मोठ्या रस्त्यावर गाडीच्या मागे निदान शंभर पावलं चालत जाऊन तो ठेवावा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. ऊसाच्या ट्रॉलीलाही मागून लाल पट्टी लावावी. रात्री ऊसाखाली ट्रॉलीचे दिवे झाकले जातात आणि मागून येणाऱ्याला काळोखच दिसतो. बंद गाडीच्या खाली किंवा मागे कुणी निजू नये. तोडीच्या टोळ्या निघाल्या की हे फार होतं.

आम्ही निघालो तेव्हा अण्णांनी आपली गाडी दाखवली. सीटखाली दोन त्रिकोण होते. एक बॅटरी होती. आणि एक वही. ती क्लीनरची होती. पोरगं सोळा-सतरा वर्षांचं दिसलं. अण्णा म्हणाले, अठरा आहे. अक्षरं त्यानं गेल्याच साली गिरवली होती. अण्णांनी त्याला एकच काम लावून दिलं होतं. त्रिकोण असला तरी जुन्या सवयीनं चाकाला उटी म्हणून दगड लागतातच. ते मोजून लावायचे आणि मोजून उचलायचे. वहीत लिहायचं.

आम्ही बॅटरीच्या उजेडात शेवटचं पान वाचलं. अक्षरं मोठी होती, ओळ थोडी वाकडी गेली होती.

'चौसाळा. पंचर. रात्री 9. दगड 4. उचलले 4.'