सरहद्दीवरील घराण्याचा शोध

फरीदाबादच्या ज्या भागास आज एन. आय. टी. या आद्याक्षरांनी ओळखतात, तेथील जुन्या घरांतून ‘आम्ही मूळचे बन्नूचे’ असे सांगणारी माणसे भेटतात. 1949 पासून वायव्य सरहद्द प्रांतातील निर्वासितांसाठी हे नगर वसविण्यात आले. राजेंद्रप्रसाद त्याच्या विकास मंडळाचे अध्यक्ष होते आणि घरांच्या बांधकामावर निर्वासितांनी स्वतः मजुरी केली. पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी केलेल्या हातांनी विटा वाहिल्या. अशा घराण्याचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने आरंभ कोठून करावा?

आपल्याकडील कुलवृत्तान्ताचा लेखक आडनाव व मूळ गाव घेऊन निघतो. सरहद्दीच्या बाबतीत आडनाव फारसे साह्य करीत नाही, कारण अरोडा व खत्री यांची उपनावे असंख्य गावांत पसरलेली आहेत. गाव मात्र हाती असावेच लागते आणि त्याची पूर्वीची नावेही ठाऊक असावी लागतात. बन्नू शहर 1848 मध्ये हर्बर्ट एडवर्ड्‌स या इंग्रज अधिकाऱ्याने वसविले. पुढे ते एडवर्डसाबाद म्हणून ओळखले जाई. 1903 मध्ये त्याचे नाव बन्नू झाले. शिवाय 1901 पर्यंत हा मुलूख पंजाबात मोडत असे. म्हणून पणजोबांच्या कागदावर ‘पंजाब’ असे आढळल्यास आपण भलत्याच घराण्याचा माग काढीत आहोत असे समजू नये.

कागदांपूर्वी माणसे गाठावीत. फाळणीच्या वेळी जी मुले सात-आठ वर्षांची होती, त्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही. ‘सत्तेचाळीस साली आलो’ असे बहुतेक सांगतात, परंतु त्या सालावर विसंबू नये. बन्नूहून निघालेल्या निर्वासितांच्या एका गाडीवर पश्चिम पंजाबातील गुजरात स्थानकात हल्ला झाला, तो 12 जानेवारी 1948 रोजी. तेव्हा साल न विचारता, थंडी होती काय, गाडी कोठे खोळंबली, पहिली छावणी कुरुक्षेत्राची की दुसरी कोणती, असे विचारावे. एखादी आजी गाडीच्या उल्लेखासरशी गप्प झाली, तर तो विषय तेथेच सोडावा. इतिहासाचे थोडे नुकसान झाले तरी चालेल.

यानंतर हरिद्वार. तेथील पंड्यांच्या वह्या आपल्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांसारख्याच असतात. गाव व जात सांगितली की त्या यजमानांचा पंडा कोण हे कळते, आणि त्याच्याकडे आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ यांची नावे क्रमाने सापडतात. अस्थिविसर्जनासाठी कोण केव्हा आला, हेही कळते. देश हातचा गेला, पण त्या देशातील गावांची ही नोंद गंगेकाठी सुरक्षित राहिली! उणीव एवढीच की, वंशाची रेषा मुलांकडून मुलांकडे जाते आणि स्त्रिया बव्हंशी तिच्याबाहेर राहतात. त्यांची नावे, त्यांची माहेरे घरच्या वृद्ध स्त्रियांकडूनच मिळवावी लागतील.

व्यापाऱ्याने स्वहस्ते लिहिलेली ओळ बहुधा लंडे लिपीत असते. ही हिशेबाची घाईची लिपी. तीत काना-मात्रा गाळण्याची रीत होती. काका ‘अजमेर गये’ असे पत्र आले आणि घरच्यांनी ते ‘आज मर गये’ असे वाचून रडारड केली, ही अशाच लिपीची कथा उत्तरेत सर्वत्र सांगितली जाते. म्हणून त्या ओळीचा अर्थ लगेच ठरवू नये. तिचे छायाचित्र घ्यावे आणि फरीदाबादेस परतून घरातील सर्वांत वृद्ध माणसापुढे ठेवावे. अक्षर त्याला लागले नाही, तरी नावे लागतील.