कर्तव्यस्थानी आलेला मृत्यू आणि गृहस्थाचा शोक

भारतीय वायुसेनेचे ब्रीदवाक्य श्रीमद्भगवद्गीतेतून घेतलेले आहे, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ज्या श्लोकातून ते घेतले, त्याच्या उत्तरार्धाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अकराव्या अध्यायातील चोविसाव्या श्लोकात आकाशाला भिडलेले तेजोमय विश्वरूप पाहून अर्जुन सांगतो की, आपले अंतःकरण व्याकूळ झाले असून धैर्य आणि शांती ही दोन्ही हरपली आहेत. ज्या घरचा तरुण मुलगा वायुसेनेत सेवा बजावत असता अपघाताने जातो, त्या घराला हा श्लोक निराळा समजावून सांगावा लागत नाही.

२०१३ सालच्या जून महिन्यात केदारनाथ परिसरात महापूर आला, तेव्हा वायुसेनेने सहस्रावधी यात्रेकरूंना संकटातून बाहेर काढले. याच कार्यात असलेले तिचे एक हेलिकॉप्टर २५ जून रोजी केदारनाथहून परतताना गौरीकुंडाजवळ कोसळले आणि त्यातील २० जण मृत्यू पावले. त्यांत वायुसेनेचे ५, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे ९ आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे ६ जण होते. समोर शत्रू नव्हता. अरुंद दऱ्या होत्या आणि अडकून पडलेली माणसे होती. अशा वेळी पित्याच्या मनात प्रश्न उठतो : ‘रणात पडला असता तर मनाची समजूत घातली असती, नुसत्या अपघाताने गेला, हे कसे सोसावे?’

याचे उत्तर असे की, गीता कर्माचे मोल त्याच्या शेवटावरून ठरवीत नाही. मनुष्याचा अधिकार कर्मापुरता आहे, फळावर नाही, ही दुसऱ्या अध्यायाची शिकवण येथे अक्षरशः लागू पडते. दुसऱ्याचे प्राण वाचविण्यासाठी जो निघाला, त्याने स्वधर्म आचरिला. शत्रू समोर नव्हता, म्हणून त्या आचरणात काही उणे राहिले असे मानणे युक्त नव्हे.

दुसरा प्रश्न दैवाचा. अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध चेष्टा आणि दैव. विमानाच्या बाबतीत पाहिले तर स्थळ, वैमानिक, यंत्र आणि केलेले प्रयत्न ही पहिली चार मनुष्याला तपासता येतात; म्हणूनच अपघातानंतर वायुसेना चौकशी करते. दैव हे पाचवे आहे, पहिले नव्हे. ‘नशिबात होते’ एवढे म्हणून चौकशीकडे पाठ फिरविणे हा पुढे उड्डाण करणाऱ्या मुलांवर अन्याय होय. उलटपक्षी, ‘मी त्याला सेनेत जाऊच दिले नसते तर’ असे म्हणून आईबापांनी जन्मभर स्वतःस दोषी धरणे, म्हणजे त्या पाचव्या कारणाचा भार आपल्या खांद्यावर घेणे होय.

आता शोकाविषयी. अर्जुनाने युद्धारंभी गीता ऐकली आणि तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. साक्षात भगवंतांच्या मुखातून आत्म्याचे अमरत्व ऐकलेला तो महापुरुष त्या रात्री पुत्रासाठी रडला. श्रीकृष्णांनी त्याचे सांत्वन केले. ‘तुझ्या शोकाने तुझे बंधू आणि सुहृद दीन झाले आहेत, त्यांना तू धीर दे’ अशा आशयाचे त्यांचे बोलणे महाभारतात आहे. मग त्यांनी स्वतः जाऊन सुभद्रेलाही धीर दिला. यावरून दिसते की, अश्रू हे अज्ञानाचे लक्षण नव्हे. शोकाने कर्तव्य बुडू नये, एवढेच अपेक्षित आहे.

म्हणून वाचकहो, अशा घरी जाण्याचा प्रसंग आला तर दाराशीच आत्म्याच्या अमरत्वाचे प्रवचन करू नये. आधी जवळ बसावे. चूल पेटली आहे की नाही ते पाहावे. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, लहान मुलांची शाळा, वृद्धांचे औषधपाणी यांचा भार उचलावा. गावाने पहिले तेरा दिवस पुष्कळ येणे-जाणे ठेवावे आणि नंतर विसरून जावे, असे होऊ देऊ नये. आईने मुलाच्या आठवणी काढल्या तर विषय बदलू नये. तिचे ऐकून घ्यावे. तिने स्वतः होऊन विचारले, तर मग दुसरा अध्याय तिच्यासवे शांतपणे वाचावा. तेव्हा तो तिला उपदेश वाटणार नाही, आधार वाटेल.