ज्याची त्याची श्रद्धा, आणि माझा संबंध

धुळे-सोलापूर महामार्गाने बीडहून धाराशिवकडे निघालं की मांजरसुंब्यानंतर चौसाळा लागतं. इथे आमचं पिढीजात किराणा दुकान आहे. घर लिंगायत. दुकानात तुळजापूरला पायी निघालेला येतो, दर्ग्यात ऊद जाळणारा येतो, माळकरी येतो, चौदा एप्रिलच्या तयारीला निघालेली पोरं येतात. ‘दुसऱ्याच्या श्रद्धेशी आपल्याला काय करायचंय?’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. ते निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल माझे हे अनुभव.

१. श्रद्धा खरी की खोटी हे ठरवायचं नाही, पण ती माहीत असावी.
आषाढी-कार्तिकीला भगर, शाबुदाणा आणि शेंगदाणे संपतात. मोहरममध्ये चोंग्यांसाठी गूळ जातो, सरबतासाठी साखर. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे खजूर आणि शेवया कधी भरायच्या हे कॅलेंडर बघूनच ठरवावं लागतं. हा धंद्याचा भाग झाला. पण रोजा सुटायच्या वेळेला दुकानापुढे गर्दी असते, तेव्हा मागे उभ्या असलेल्या पोराला वाट देत एखादी म्हातारी म्हणते, “त्येला आधी दे रं बाबा, त्येचा रोजा हाय.” ती स्वतः चतुर्थी धरणारी. रोजा कशासाठी धरतात हे तिला कुणी शिकवलेलं नाही. दिवसभर पाण्याचा घोट न घेतलेल्या माणसाला थांबवू नये, एवढं तिला कळतं. शेजाऱ्याच्या श्रद्धेबद्दल एवढी माहिती प्रत्येकाला असावी असं मला वाटतं.

२. ‘आपले’ म्हणतो तेही एकसारखे नसतात.
आमच्या घरात माणूस गेला की आम्ही पुरतो, बसलेल्या स्थितीत. गळ्यात इष्टलिंग असतं. मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला तिथे कर्नाटक-तेलंगणातूनही भक्त येतात. शेजारचा मराठा दहन करतो, बोकड कापून देवीचा नवस फेडतो. पलीकडच्या बौद्ध घरात देवघर नाही. आमच्यात जन्मभर एकमेकांकडे उठबस आहे आणि या फरकांनी कुणाचं काही अडलेलं नाही. एवढं अंतर रोज पचवणाऱ्या माणसाला मशिदीचं अंतर तेवढं पार करता येत नाही, हे मला पटत नाही.

३. सहभागी होताना स्वतःचं सोडावं लागत नाही.
मराठवाड्यात पीराला बोललेली कंदुरी, म्हणजे बोकडाचं नवसाचं जेवण, मुसलमानांइतकीच हिंदूंच्या घरातही होते. बोकड मुलाणी कापतो. कित्येक गावांत देवीच्या बोकडालाही मुलाणीच लागतो. गावगाड्यात ते कामच त्याचं. आम्ही मांस खात नाही, तरी आवतण कधी चुकत नाही आणि आम्हीही ते टाळत नाही. माळकऱ्यांसाठी आणि आमच्यासाठी वेगळी चूल मांडलेली असते. तिथला भात-वरण बाजूला झाकून ठेवतात, पळीसुद्धा दुसरी. वाढणारी बाई सांगते, “हे तुमचं, त्याला कुणी हात लावला नाही.” त्यांच्या पंक्तीला बसून आमचा नेम पाळला जातो. यजमानाला आमचा नेम पटलेला नसतो, आम्हाला त्याचा नवस पटलेला नसतो. पटवून घ्यायला कुणी जातही नाही. सहिष्णुता म्हणजे काय ते मला या वेगळ्या चुलीपाशी कळलं. भाषणांतून मात्र तेवढं कधी उमजलं नाही.

४. जुनं दुःख दोन्ही घरांत असतं.
हा भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या जाचाच्या आठवणी आमच्याकडे अजून सांगतात. लुटीच्या, जाळपोळीच्या, रातोरात गाव सोडल्याच्या. त्या खऱ्या आहेत. पण निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर सूड म्हणून मुसलमानांच्या कत्तली झाल्या, त्याही खऱ्या. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा ही नावं घातली. उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची हद्द आमच्या गावापासून जवळच आहे. तो अहवाल सरकारने अनेक वर्षं बाहेर येऊ दिला नाही. ज्याने फक्त आपल्या घरातली गोष्ट ऐकली, त्याला शेजाऱ्याच्या मनातली भीती खोटी वाटते. म्हणून शेजारच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाही एकदा विचारावं, आणि मध्ये न बोलता ऐकून घ्यावं.

५. श्रद्धेने दुसऱ्याचा जीव किंवा हक्क जात असेल तर बोलावं.
पावसाळ्यात शेतात साप चावला की काही घरांत अजून आधी मंत्र टाकणाऱ्याकडे पळतात. तिथे ‘ज्याची त्याची श्रद्धा’ म्हणून गप्प बसणं मला मान्य नाही. गाडी काढायची, बीडच्या जिल्हा रुग्णालयाचा रस्ता धरायचा. नवस नंतर फेडा, मी नारळ फुकट देईन. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही हेच सांगतो. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. हा कायदा यावा म्हणून नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले, आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात त्यांची हत्या झाली. जातपंचायतीने कुणाला वाळीत टाकण्याविरुद्ध 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. 1970 साली हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, ते तोंडी तलाकसारख्या रूढींनी बायकांवर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध. संविधानाच्या पंचविसाव्या कलमात धर्मस्वातंत्र्य आहे, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. हे बंधन सगळ्यांना सारखं लागू करावं. एकाच्या अंधश्रद्धेवर तोंड उघडायचं आणि आपल्यातल्याची झाकायची, असं केलं की त्या बोलण्याला किंमत राहत नाही.

६. गप्प बसल्याने शांतता टिकत नाही.
30 मार्च 2025, गुढीपाडवा. दुसऱ्या दिवशी रमजान ईद. त्या पहाटे आमच्याच जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या अर्धमसला गावच्या मशिदीत जिलेटीनच्या कांड्यांनी स्फोट घडवला गेला. जीवितहानी झाली नाही, पोलिसांनी दोघांना अटक केली. विहिरी फोडायला वापरतात त्या कांड्या. ज्या जिल्ह्यात माणसं एकमेकांच्या कंदुरीला जेवतात, त्याच जिल्ह्यात हे घडलं. नुसतं एकमेकांकडे जेवणं पुरत नाही, असं मी त्या दिवसापासून म्हणतो. रोजच्या बोलण्यात विष कालवणाऱ्याला जागच्या जागी अडवावं लागतं. दुकानात कुणी “त्यांच्यात असंच असतं” म्हणून सुरू झाला की मी विचारतो, कोणाच्यात, कधी, तू स्वतः पाहिलंस का? बहुतेकांकडे उत्तर नसतं. एखादं गिऱ्हाईक तुटतं. तुटू द्यावं.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. दुसऱ्या धर्माबद्दल काही मोबाईलवर आलं तर पुढे पाठवण्याआधी त्याच धर्माच्या शेजाऱ्याला दाखवा आणि हे खरं आहे का म्हणून विचारा. असं विचारण्याइतकी ओळख कुणाशीच नसेल, तर ती करून घ्यायला आजच निघा.