ताट आणि गव्हाण

शिरूर आणि दौंड तालुक्यांत नदीकाठी ऊस आहे. कोरडवाहू रानात बाजरी-ज्वारी होते. गोठ्यात दुभती जनावरं आहेत. आपण ताटात भाकरी वाढतो, गव्हाणीत वैरण टाकतो. दोघांचंही पोट भरतं. पण पोट भरले म्हणजे पोषण झाले असे नाही.

अन्नातल्या पोषक पदार्थांचे सहा वर्ग आहेत. माणसाचे अन्न असो की जनावराची वैरण, वर्ग तेच.

१. पिष्टमय पदार्थ : कामाला ताकद देतात. भाकरी, गूळ, जनावराला मका, कडबा.

२. स्निग्ध पदार्थ : यांत ताकद दुपटीहून जास्त. तेल, तूप, जनावराला सरकी.

३. प्रथिने : अंग वाढवतात, झीज भरतात. डाळ, अंडी; जनावराला पेंड, लसूणघास.

४. क्षार : चुन्याचा क्षार, म्हणजे कॅल्शियम, हाडांना लागतो. लोह रक्ताला लागते.

५. जीवनसत्त्वे : थोडीच लागतात, पण नसली तर रोग होतात. पालेभाजी, लिंबू, जनावराला हिरवा चारा.

६. पाणी : याच्यावाचून बाकीचे पाच व्यर्थ.

एका वर्गाची उणीव दुसऱ्याने भरत नाही. हे उसाच्या वाढ्यावरून पाहू.

गळिताच्या दिवसांत वाढे मुबलक मिळतात. कित्येक जण गाईपुढे नुसते वाढेच टाकतात. वाढ्यात ऑक्झलेट नावाचा पदार्थ असतो. तो कॅल्शियमला धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. गाय तर रोज दुधातून कॅल्शियम देतच असते. मग ते हाडांतून जाते. गाय खंगते, दूध कमी होते. घरची माणसं म्हणतात, "खाते तर पोटभर, मग असं का?" व्याल्यावर अंगातले कॅल्शियम एकदम घटले, तर गाय बसते ती उठतच नाही. अशा वेळी अंगारे-धुपारे करत बसू नका. ताबडतोब जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.

वाढे फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या जोडीला कडबा, लसूणघास, पेंड द्या. डॉक्टरांना विचारून खनिज मिश्रण द्या.

आपल्या ताटाचेही तसेच आहे. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने असतात, तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम. म्हणून भाकरीबरोबर डाळ हवी. बाजरीत लोह असते. वर लिंबू पिळले तर ते जास्त अंगी लागते.

प्रश्न
१. पोषक पदार्थांचे सहा वर्ग कोणते?
२. नुसते वाढे घातल्याने गाईला काय होते?
३. आज तुमच्या ताटात कोणता वर्ग नव्हता? गव्हाणीत कोणता नव्हता?