मका, चवळी, भोपळा एकाच वाफ्यात: खर्च किती, हाती काय?

घरामागे दहा बाय दहा फूट मोकळी जमीन आहे आणि तिथे दिवसाचे सहा तास ऊन येतं, तर या पावसाळ्यात मका, वेलीची चवळी आणि लाल भोपळा एकत्र लावा. शहरात सगळं विकत घेतलं तरी साधारण सातशे ते हजार रुपयांत काम होतं. गावाकडे शेणखत घरचं असेल तर पाचशे-साडेपाचशेत भागतं.

पद्धत मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोत अशा मिश्र शेताला मिल्पा म्हणतात, तर उत्तरेकडचे हौडेनोसौनी लोक या पिकांना तीन बहिणी मानतात. मक्याच्या ताटावर शेंगांचा वेल चढतो. भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकतात, त्यामुळे तण कमी येतं आणि ओल टिकते. शेंगवेलाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात खऱ्या, पण त्याचा बराचसा लाभ पुढच्या पिकाला होतो. मका खादाड, त्याला खत घालावंच लागतं, आणि पैसे मुख्यतः तिथेच जातात.

नऊ उंचवटे करा, तीन ओळींत तीन-तीन. प्रत्येकी चार-पाच किलो शेणखत म्हणजे एक गोणी, नर्सरीत दोनशे ते तीनशे रुपये. पैसे देण्याआधी गोणीत हात घालून बघा. आतून गरम लागलं किंवा उग्र वास आला तर घेऊ नका. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी येते. सोबत दोन किलो निंबोळी पेंड, अंदाजे शंभर रुपये.

बियाण्याची पाकिटं तीस ते ऐंशी रुपयांना मिळतात. मक्याची दोन घ्यावी लागतील, म्हणजे एकूण दोनशे-अडीचशे. मका उंच, जाड ताटाचाच निवडा. बुटक्या स्वीटकॉर्नचं ताट वेलाच्या ओझ्याने आडवं होतं. वालपापडीचा वेल फार माजतो, म्हणून चवळीच बरी. बंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेची ‘अर्का मंगला’ ही वेलीची चवळी आणि साधारण किलोभराची फळं देणारा ‘अर्का सूर्यमुखी’ भोपळा छोट्या जागेला शोभतात. संस्था बियाणं ऑनलाइनही विकते.

मका पहिल्या चांगल्या पावसानंतर टोका, प्रत्येक उंचवट्यावर चार रोपं ठेवून. कुंपणालगत एकच रांग लावलीत तर कणसं बोडकी राहतील. परागकण वाऱ्याने पडतात, आणि कणसाच्या ज्या केसाला पराग मिळतो त्याचाच दाणा भरतो. मका वीतभर झाला की चवळी लावा, आणखी आठवड्याने चार कोपऱ्यांत भोपळा. वेल बाहेरच्या बाजूला वळवा आणि मधून एक पायवाट सोडा. मूळ पद्धतीत बरंचसं पीक वाळल्यावर काढतात. आपल्याला कोवळ्या शेंगा हव्यात, म्हणजे दर दोन दिवसांनी आत शिरणं आलंच. कणसं काढल्यावर ताटं कापू नका, चवळी अजून त्यांच्याच आधारावर असते.

औषधाला दोनशे रुपये राखून ठेवा. 2018 पासून आपल्याकडे आलेली अमेरिकन लष्करी अळी मक्याच्या पोंग्यात बसते. तिथे लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली की अळी वेचून मारा आणि पोंग्यात निंबोळी तेलाची फवारणी करा. भोपळ्याच्या फळमाशीसाठी एक कामगंध सापळा पुरतो.

हाती काय येतं? बरी साथ मिळाली तर पंचवीस-तीस कणसं, चार-पाच किलो शेंगा आणि चार-सहा भोपळे. बाजारभावाने हजाराच्या आसपास. म्हणजे पहिल्या वर्षी जेमतेम बरोबरी, आणि चवळीचं बी घरचं धरलं तर पुढे थोडी बचत.

गच्चीवर मात्र हा बेत करू नका. अठरा इंची नऊ ग्रो-बॅग आणि त्यांत भरायची माती-खत मिळून पाच हजारांवर जातात, आणि ओली झालेली एकेक पिशवी साठ-सत्तर किलो भरते. गच्चीवाल्यांनी दोन पिशव्यांत नुसती चवळी लावून दोरीवर चढवावी.

पाकिटावर उगवणीची टक्केवारी, चाचणीची तारीख आणि वैधता छापलेली असते, ती वाचूनच घ्या. रंगीत बी औषध लावलेलं असतं. ते मुलांपासून लांब ठेवा आणि टोकल्यावर हात धुवा. पावती आणि रिकामं पाकीट रोपं वर येईपर्यंत जपून ठेवा. बी उगवलंच नाही तर दुकानदाराकडे बदलून मागता येईल.